डोळ्यात अडकलेली लेन्स: आधी ओलावा, मग बोट

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही. जायला वाटच नाही. पापणीच्या आतून जो गुलाबी, ओलसर पडदा असतो, तोच आत वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतो आणि बुबुळाच्या कडेला संपतो. त्यामुळे वर आणि खाली असे दोन बंद खिसे तयार होतात. खालचा उथळ, वरचा खोल. सापडत नसलेली लेन्स एक तर बुबुळावर सुकून बसलेली असते, नाहीतर यापैकी एका खिशात सरकलेली असते, आणि तिसरी शक्यता म्हणजे ती डोळ्यात नसतेच. ही तिसरी शक्यता लोकांना वाटते त्याहून बरीच जास्त असते.

अडकलेल्या लेन्सने अर्ध्या तासात डोळ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घाबरून घातलेल्या बोटाने. बुबुळावरचं पारदर्शक आवरण, म्हणजे पारपटल, नखाच्या एका ओरखड्याने सोलतं. म्हणून खाली जे सांगितलंय त्यात निम्मं काम थांबण्याचंच आहे.

एक अपवाद आहे. डोळ्यात फिनाइल, ॲसिड, चुना किंवा असं काही उडालं असेल तर लेन्सचा विचार नंतर. नळाखाली किंवा तांब्याने, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच डोळा धुवायला लागा आणि निदान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा. धुताना लेन्स सहज निघाली तर काढून टाका, नाही निघाली तर तिच्यासाठी धुणं थांबवू नका. तिथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

लेन्स खरंच डोळ्यात आहे का?

हे तपासल्याशिवाय चिमटी लावायची नाही. लेन्स नसलेल्या डोळ्यात लोक दहा दहा मिनिटं चिमटे काढत बसतात. हाताला काहीतरी मऊ लागतं, ती लेन्स वाटते, आणि असतं ते स्वतःचंच पारपटल किंवा पांढऱ्यावरचा पडदा.

दुसरा डोळा हाताने झाका आणि दूरची एखादी गोष्ट बघा, कॅलेंडरचे आकडे वगैरे. नंबर उणे दोन किंवा जास्त असेल तर लगेच कळतं. आकडे स्पष्ट दिसले तर लेन्स बुबुळावरच आहे. चष्मा काढल्यावर दिसतं तितकं धूसर दिसलं तर लेन्स बुबुळावर नाही, म्हणजे सरकली तरी आहे किंवा पडली तरी आहे. बिननंबरच्या रंगीत लेन्सचं सोपं, आरशात दोन्ही डोळ्यांचा रंग ताडून बघायचा.

मग आरशासमोर उभं राहून मोबाईलचा टॉर्च कानाच्या बाजूने, तिरका धरा. समोरून उजेड मारला की फक्त डोळे दिपतात. सॉफ्ट लेन्सचा व्यास साधारण १४ मिलिमीटर आणि पारपटलाचा साडेअकरा-बारा, म्हणजे लेन्स नीट बसलेली असेल तर तिची कड बुबुळाच्या बाहेर, पांढऱ्यावर, मिलिमीटरभर अंतरावर बारीक वर्तुळासारखी दिसते. बऱ्याच लेन्सना हाताळायला सोपं जावं म्हणून फिकट निळी झाक दिलेली असते, ती याच कडेला ओळखू येते. उघडमीट केली की ती रेघ किंचित हलते. हलत नसेल तर लेन्स सुकून चिकटलीय.

कड दिसली नाही तर चारही बाजूंना बघा. वर बघून खालची पापणी ओढा. नाकाकडे बघून कानाकडचा कोपरा तपासा, मग उलट. शेवटी हनुवटी उंचावून नजर पायांकडे न्या आणि वरची पापणी अंगठ्याने उचला. सरकलेली सॉफ्ट लेन्स बहुतेक इथेच सापडते, दुमडलेली, पापडासारखी.

तरीही नाही? मग बेसिन, गाल, टॉवेल, शर्टाची पुढची बाजू, पापणीचे केस बघा. डबीचा दुसरा कप्पाही बघा. एकाच डोळ्यात दोन लेन्स चढवल्याचे प्रकार सर्रास होतात.

हात

साध्या साबणाने धुवायचे. मलईदार, मॉइश्चरायझरवाला साबण बोटांवर थर ठेवतो आणि तो लेन्सवर उतरतो. मिरची चिरली असेल, लाल तिखटात हात घातला असेल तर पाण्याने भागत नाही, कारण मिरचीतला जळजळणारा अंश तेलात विरघळतो. आधी बोटांना चमचाभर खायचं तेल चोळा, मग साबण दोनदा.

नंतर हात पूर्ण कोरडे करा, तेही तंतू न सोडणाऱ्या कापडाने. नव्या टर्किश टॉवेलचा एक तंतू बोटावर आला की डोळ्यात नवीन खुपणं सुरू. इथे एक सूत्र लक्षात ठेवायचं: डोळा ओला, बोट कोरडं. लेन्स निसटते ती बहुतेक वेळा ओल्या बोटांमुळे. ड्रॉप्स घालताना बोटं भिजली की प्रत्येक वेळी पुसा.

काय घालायचं, काय नाही

लेन्सवर चालतील असे वंगणाचे ड्रॉप्स किंवा ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन. एकदाच वापरून फेकायच्या छोट्या नळ्या मिळतात, त्या सगळ्यात उत्तम. लेन्स ठेवायचं सोल्यूशन डोळ्याचं औषध म्हणून बनवलेलं नसतं. अडीअडचणीला त्याचे एक-दोन थेंब गेले तर बहुतेकांना थोडं चुरचुरण्यापलीकडे काही होत नाही, पण बाटलीच्या बाटली डोळ्यावर ओतायची ती गोष्ट नव्हे. आणि लेन्स साफ करायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन असेल, लाल तोंडाच्या बाटलीतलं, तर एक थेंबही नको. डोळा भाजल्यासारखा होतो.

नळाचं पाणी नको. त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सच्या आधाराने पारपटलात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पाण्यात अश्रूंइतकं मीठ नसतं, त्यामुळे सॉफ्ट लेन्स पाणी शोषून आकार बदलते आणि बुबुळाला अधिकच घट्ट धरते. पाणी उकळून गार केलेलं असो की आरओचं, हा दोष तसाच राहतो. घरी मीठ घालून सलाइन बनवण्याचा प्रयोगही नको. अमेरिकेत १९८०च्या दशकात अकँथअमीबाचे रुग्ण वाढले, तेव्हा घरी बनवलेलं सलाइन हे एक मोठं कारण निघालं होतं.

गुलाबजल, मध, एरंडेल, थुंकी यांच्याबद्दल वेगळं लिहायची गरज पडू नये, पण पडते. यातलं काहीही निर्जंतुक नसतं.

रात्री दोन वाजता घरात काहीच नसेल तर डोळा मिटून बसा. पाच-दहा जांभया द्या, खोट्या दिल्या तरी पुढच्या खऱ्या येतात आणि त्यासोबत अश्रूही. एसी आणि पंखा बंद करा. नुसत्या अश्रूंनीही लेन्स सुटते, फक्त वेळ जास्त लागतो.

बुबुळावर सुकून बसलेली सॉफ्ट लेन्स

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. लेन्स घालून झोप लागली, एसी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डुलकी काढली, दिवसभर स्क्रीनसमोर पापणीच लवली नाही. बहुतेक सॉफ्ट लेन्समध्ये वजनाच्या ३८ पासून ६० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त पाणी असतं. ते उडालं की लेन्स आक्रसते, तिच्याखालचा अश्रूंचा थर संपतो, आणि ओली काच टेबलाला धरून ठेवावी तशी ती बुबुळाला धरते.

मान मागे करून दोन-तीन थेंब घाला. डोळा मिटा. पाच मिनिटं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा पाच मिनिटं. मिटलेल्या डोळ्याच्या आत बुबुळ हळू वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवा. पापणीवरून बोटाचा पेर हलका गोल फिरवला तर चालतं, दाब मात्र पिकलेल्या टोमॅटोची साल न फुटण्याइतका. मग आरशात तीच कड बघा. उघडझाप केल्यावर ती हलायला लागली की लेन्स सुटली. हलत नसेल तर बोट लावायचं नाही, थेंबांची आणखी एक फेरी.

सुटलेली लेन्स काढताना:

१. आरशात समोर बघत मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढा. वरची पापणी दुसऱ्या हाताने, पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी धरून वर करा. मध्यावर धरली तर डोळा मिटतोच.

२. मान न हलवता नजर छताकडे न्या.

३. तर्जनीचा पेर लेन्सच्या खालच्या कडेला टेकवा आणि लेन्स खाली, पांढऱ्या भागावर सरकवा.

४. ती पांढऱ्यावर असतानाच अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी अलगद चिमटीत घ्या. लेन्स मधे दुमडते, खाली हवा शिरते आणि ती सुटते.

तिसरी पायरी गाळून थेट बुबुळावरच चिमटी काढायची सवय अनेकांना असते. रोजच्या ओल्या लेन्सला ते एकवेळ खपून जातं, सुकलेल्या लेन्सला नाही. तिथे लेन्सबरोबर पारपटलावरचा नाजूक थरही निघू शकतो. पांढरा भाग त्या मानाने सोशिक असतो.

चिमटीत येता येता निसटत असेल तर डोळ्यात थेंब जास्त झालेत. मिनिटभर थांबा, गालावरचं पाणी टिपा, बोटं पुसा.

वरच्या पापणीखाली गेलेली

डोळा चोळला की हे होतं. लेन्स दुमडून वरच्या खिशात जाते आणि वाळूचा खडा रुतल्यासारखं वाटतं. थेंब घाला. डोळा मिटून नजर खाली, पायांकडे न्या आणि भुवईच्या खालून पापणीच्या केसांकडे असं पापणीवरून हलकेच चोळत या. दिशा नेहमी वरून खाली. दहा-पंधरा वेळा केल्यावर डोळा उघडून बघा. लेन्सचा कोपरा पांढऱ्यावर डोकावला की तिला बुबुळावर आणायचा आग्रह धरू नका, आहे तिथेच, पांढऱ्यावर, चिमटीत पकडा. कानाकडच्या किंवा नाकाकडच्या कोपऱ्यात गेलेल्या लेन्सलाही हेच लागू. नजर विरुद्ध बाजूला ठेवायची म्हणजे ती उघडी पडते.

चोळून आली नाही तर घरातल्या कुणाकडून पापणी उलटून बघता येते. बसलेल्या माणसाने नजर खालीच ठेवायची. दुसऱ्याने पापणीचे केस धरून पापणी किंचित पुढे-खाली ओढायची, इअरबडची काडी पापणीवर आडवी, कडेपासून सेंटिमीटरभर वर ठेवायची, आणि केस वर उचलत पापणी काडीवरून उलटायची. पापणीतली ताठ पट्टी साधारण एवढ्याच उंचीची असते, म्हणून काडी तिच्या वरच्या कडेला लागली की पापणी सहज उलटते. फार खाली ठेवली तर उलटतच नाही. लेन्स दिसली तर सलाइनच्या धारेने किंवा कोरड्या बोटाने सरकवा. इअरबडचा कापूस डोळ्याला लावू नका, तंतू सुटतात. वर बघितलं की पापणी आपोआप सरळ होते.

फाटलेली लेन्स

बाहेर आलेली लेन्स तळहातावर ठेवा, वर सोल्यूशनचा थेंब टाकून पसरवा आणि कड पूर्ण गोल आहे का ते बघा. चतकोर कमी असेल तर तो तुकडा आत असू शकतो. सलाइनने डोळा धुऊन उघडझाप केली की बारीक तुकडे बहुधा नाकाकडच्या कोपऱ्यात चिपडासारखे येतात. तासा-दोन तासांत आला नाही आणि खुपत राहिलं तर डॉक्टरकडे जायचं. राहिला असेल, निघेल कधीतरी, असं म्हणून सोडू नका. ब्रिटनमधल्या सॉलिहल इथली एक नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या बाईंच्या एका डोळ्यातून २७ लेन्स निघाल्या, त्यातल्या १७ एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या. बाईंना वाटत होतं, वयामुळे डोळे कोरडे पडलेत.

हार्ड आणि सेमीसॉफ्ट लेन्स

दुकानात ज्यांना सेमीसॉफ्ट म्हणतात त्या आरजीपी (रिजिड गॅस परमिएबल) लेन्स प्रत्यक्षात कडकच असतात, व्यास साधारण नऊ-दहा मिलिमीटर. यांना चिमटी चालत नाही आणि पापणीवरून चोळणंही नको. कडक कड बुबुळावर घासते.

लेन्स बुबुळावर असेल तर दोन थेंब घाला, डोळे मोठे उघडा, कानाकडचा कोपरा बोटाने कानाच्या दिशेने ताणा आणि जोरात पापणी मिटा. खाली तळहात धरलेला असू द्या. पापणीची कड लेन्सच्या कडेखाली शिरते आणि लेन्स टपकन बाहेर येते.

पांढऱ्यावर जाऊन बसली असेल तर ती चोखून धरल्यासारखी चिकटते. तिला ओढायचं नाही, आधी हवा द्यायची. थेंब घालून, लेन्सच्या कडेला अगदी लागून, पांढऱ्या भागावर बोटाच्या पेराने हलका दाब द्या. कड उचलली जाते आणि लेन्स सुटते. रबरी सक्शन, म्हणजे लेन्स ओढून धरणारी छोटी वाटी, असेल तर त्याचं तोंड सलाइनने ओलं करून लेन्सवर टेकवा, थोडं तिरकं करा आणि उचला. सक्शनखाली खरोखर लेन्स आहे हे दिसत असल्याशिवाय ते डोळ्याला लावू नका. उघड्या पारपटलावर लागलं तर इजा ठरलेली. सॉफ्ट लेन्सला सक्शन कधीच नाही.

केराटोकोनससाठी (यात पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं) पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स वापरणाऱ्यांनी सक्शन मधोमध न लावता खालच्या कडेजवळ लावावं. मधे लावून ओढलं तर लेन्सखालचं द्रव पोकळीसारखं बुबुळालाच ओढतं.

कडक लेन्स सापडत नाही म्हणून पडली असेल असं मानणं जास्त धोक्याचं. २०१८ साली नोंदवलेल्या एका प्रकरणात ४२ वर्षांच्या बाईंच्या वरच्या पापणीतल्या गाठीतून आरजीपी लेन्स निघाली. चौदाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना डोळ्याला शटल लागलं होतं आणि लेन्स पडली असं सगळ्यांनी धरलं होतं. ती २८ वर्षं पापणीत होती.

आणखी एक गट आहे ज्याने यातलं काहीच करायचं नाही: डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पट्टी म्हणून लेन्स बसवलेले रुग्ण. ती सरकली, टोचली, पडली, काहीही झालं तरी फोन डॉक्टरांनाच.

लग्नाची रात्र

रंगीत लेन्स अडकण्याचा हंगाम म्हणजे लग्नसराई. सकाळी सहाला ब्यूटिशियनने लेन्स घातलेल्या, मग होमाचा धूर, व्हिडिओवाल्यांचे दिवे, रिसेप्शन, आणि मध्यरात्री नवरीला कळतं की त्या काढायच्या कशा हे कुणी दाखवलंच नाही. रंगीत लेन्स साध्या लेन्सपेक्षा बहुधा जाड, त्यामुळे डोळा लवकर कोरडा. वर बोटांना निलगिरीचं तेल लावून रंगवलेली मेंदी आणि चिकटवलेली लांब नखं.

क्रम असा ठेवा. आधी लेन्स, मग खोट्या पापण्या, मग मेकअप. मेकअप काढायचं तेल आधी लावलं तर ते लेन्सवर पसरतं आणि लेन्स धुरकट, निसरडी होते. मेंदीचा रंग राहिला तरी चालेल, तेल साबणाने जायला हवं. नखं असलेल्या हाताने प्रयत्नच करू नका, आखूड नखांची बहीण किंवा वहिनी शोधा. नवरीने खुर्चीत, डोकं भिंतीला टेकून बसायचं आणि छताकडे बघायचं. काढणारीने हाताची कड तिच्या गालाच्या हाडावर टेकवायची, म्हणजे नवरी दचकली तरी हात चेहऱ्याबरोबर हलतो, बोट डोळ्यात जात नाही.

आखूड नखं कुणाचीच नसतील तर चिमटीऐवजी पापण्या वापरा. लेन्स पूर्ण ओली झाल्यावर एका बोटाने वरच्या आणि एकाने खालच्या पापणीची कड लेन्सच्या कडेपलीकडे टेकवा आणि दोन्ही पापण्या किंचित आत दाबत जवळ आणा. लेन्स फुगून बाहेर येते. आणि हीच लेन्स दुसऱ्या दिवशी करवलीला द्यायची नाही, धुऊनसुद्धा.

कुठे थांबायचं

थेंब, थांबणं, प्रयत्न अशा तीन फेऱ्या. पाऊण तास. एवढ्यात सुटली नाही तर पुढचा प्रत्येक प्रयत्न डोळा सुजवतो, आणि सुजलेल्या पापणीखालून डॉक्टरांनाही काढायला जड जातं. त्यांच्याकडे हे फार तर काही मिनिटांचं काम असतं: बधिर करायचा एक थेंब, स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, पापणी उलटणं, गरज पडली तर पापणीखालच्या खिशातून ओल्या बडचा एक फेरा. लेन्स दिसत नसेल तर ते पिवळा-केशरी रंग घालतात. सॉफ्ट लेन्स तो शोषून चमकते. लेन्स वाया जाते, जाऊ द्यावी. बधिर करायचे ड्रॉप्स मात्र मेडिकलमधून आणून घरी घालू नका. दुखणं थांबतं, जखम तशीच वाढत राहते.

पाऊण तासाचीही वाट बघायची नाही ती वेळ अशी: डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, नजर नंबरामुळे असते त्याहून जास्त धूसर झालीय, पू येतोय, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. त्याच दिवशी, रविवार असला तरी, नेत्रतज्ज्ञ गाठा. जाताना लेन्स निघालेली असेल तर ती, तिची डबी आणि सोल्यूशनची बाटली बरोबर न्या. जंतुसंसर्ग झाला असेल तर त्यांचीच तपासणी उपयोगी पडते. लाल डोळ्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स अशा वेळी घातक ठरू शकतात.

लेन्स निघाल्यावरही काही तास आत काहीतरी असल्यासारखं वाटतं. तो बारीक ओरखडा असतो, आणि याच वेळी माणूस पुन्हा बोट घालतो. दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघा, नजर स्वच्छ आणि लाली उतरत असेल तर वंगणाचे थेंब घाला आणि डोळा सोडून द्या. लहान ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो. चोवीस तासांनंतरही खुपणं तसंच असेल किंवा वाढलं असेल तर तपासून घ्या. तोपर्यंत, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत, चष्मा. अडकलेली लेन्स रोज फेकायची असेल तर फेका. महिन्याची असेल आणि कड अखंड असली तरी ती सुकून वाकडी झालीय का हे बोटावर ठेवून बघा, शंका आली तर तीही फेका. डबी मात्र याच दिवशी बदला.